सुटं सामान मिळेल

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा कुठल्याही बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानांच्या पाट्या वाचत निघालं, की घराण्यांच्या वाटण्या आपोआप कळतात. एका पाटीवर आजोबांचं नाव. शेजारच्या पाटीवर तेच नाव, पण आधी 'न्यू'. चार दुकानं सोडून पुन्हा तेच नाव, पुढे 'अँड सन्स'. ('अँड डॉटर्स' अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही.) या लेखात त्यांपैकी एकाही दुकानाचं नाव येणार नाही. एकाचं घेतलं की समोरचा चहा पाजणं बंद करतो. शिवाय ही वाटचाल एकट्या घराण्याची म्हणून सांगताही येत नाही. पिढी बदलली तसा काउंटरमागचा माल बदलला, आणि तो माल का बदलला हे विचारायला लागलं की जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास पुढे येतो.

सुरुवात कापसापासून करावी लागते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट घाटाखालच्या सपाटीवरून, मलकापूर-नांदुऱ्यावरून पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव मुख्य मार्गापासून जरा आत. पण कापसाचा एवढा मोठा बाजार रुळांविना ठेवणं सरकारला परवडणारं नव्हतं, म्हणून जलंबहून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळी खामगावच्या कापसाचं वजन काय होतं ते समजावं.

जाणारी वाघीण कापूस नेई आणि येताना विलायती लोखंड आणी. हार्डवेअरचं दुकान या येणाऱ्या मालावर उभं राहिलं. त्याआधी गावाचं लोखंड लोहाराच्या भात्यापाशी सुरू होई आणि तिथेच संपे. शेतकरी बलुत्यावर लोहाराकडून फाळ शेवटून घेई. मोडकं लोखंड तापवून, ठोकून पुन्हा कामाला येई. रेल्वेनं तयार पट्टी, सळई, पत्रा आणि मोजून मिळणारे खिळे आणले. जिन-प्रेस उभे राहिले. तिथे गाठी आवळायला लोखंडी पट्टी, यंत्रांना नट-बोल्ट, पट्टे, वंगण लागे. कापूस बाजारात आणायला बैलगाड्या वाढल्या, आणि गाडी म्हणजे चाक, चाक म्हणजे धाव. लाकडी चाकावर तापवून चढवलेली ही लोखंडी धाव त्या काळच्या दुकानाचा मुख्य खप असणार. दुकानदार पट्टी विके, लोहार ती वळवून सांधे. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. आजही जुन्या पेठेत लोहाराचा भाता आणि हार्डवेअरचं दुकान हाकेच्या अंतरावर सापडतं, ते यामुळेच.

काउंटरमागे बसणारी माणसं मात्र बहुतेक बाहेरून आली. महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत या दुकानाला आजही सरळ 'बोहऱ्याचं दुकान' म्हणतात, मालक बोहरी असो वा नसो. दाऊदी बोहरा मूळचे गुजरातेतले व्यापारी. मलकापूर आणि जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला असलेलं बऱ्हाणपूर हे त्यांचं मोठं ठाणं, तिथली दर्गा-ए-हकीमी हे तीर्थ. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात प्रांतातल्या बोहऱ्यांची संख्या सुमारे ५,००० दिली आहे आणि वस्ती मुख्यतः निमाड, नागपूर, अमरावती या जिल्ह्यांत सांगितली आहे. म्हणजे संख्या चिमूटभर, पण प्रत्येक बाजारात एक तरी उंबरा. लोखंडवाला, पत्रावाला, रंगवाला, पाइपवाला ही त्यांची आडनावं वाचली की दुकानातली कपाटं उघडल्यासारखी वाटतात. व्याज घ्यायचं नाही, द्यायचंही नाही, हा त्यांच्या धर्माचा दंडक. भांडवल लागलं तर समाजातून 'कर्दन हसना', म्हणजे बिनव्याजी उसनवार. मारवाडी घराण्यांचं गणित वेगळं होतं. ती आधी आडतीत, सावकारीत आली, कापसाबरोबर खामगावात रुजली आणि त्यांतली काही पुढे लोखंडाकडे वळली. तिसरे आले कच्छी पटेल. त्यांनी सॉ मिल टाकल्या, मग लाकडाबरोबर बिजागरी, कडी-कोयंडे, पुढे प्लायवूड. एकाच पेठेत कुणी दिवाळीत वहीपूजन करी, कुणी पानाच्या माथ्यावर ७८६ घाली. गिऱ्हाईक सगळ्यांना 'शेठ'च म्हणे.

पहिल्या पिढीच्या दुकानात लोखंड किती आणि इतर किती, हे सांगणं कठीण. कंदील, त्याच्या काचा, वाती, बादल्या, घागरी, साखळ्या, कुलपं, सुया, चुका, दोर, कल्हईचं कथील, रॉकेलचे डबे. वखराची पास, डवऱ्याची पास, तिफणीचे फण. वऱ्हाडी शेतीत नांगरापेक्षा वखराचा मान मोठा. कापसाची जमीन वखरानं तयार होते आणि पीक डवऱ्यानं सांभाळलं जातं. म्हणून या बाजारात पासेला जेवढं महत्त्व, तेवढं पश्चिम महाराष्ट्रातल्या दुकानात कदाचित नसेल. १९०३ मध्ये बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंनी लोखंडी नांगर काढला आणि १९१० नंतर किर्लोस्करवाडीहून तो गावोगाव जाऊ लागला. शेतकरी आधी बिचकले, लोखंडानं जमीन नासते म्हणाले, हे किस्से महाराष्ट्राला पाठ आहेत. दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर त्या नांगरानं एक नवीन गोष्ट आणली. पहिल्यांदाच असा माल आला, ज्याचा मोडलेला भाग लोहाराकडून घडवून न घेता दुकानातून तसाच नवा आणायचा होता. 'स्पेअर' हा शब्द त्याच्या मागोमाग आला आणि दुकान सोडून गेला नाही.

दुसऱ्या पिढीच्या वाट्याला लढाई आली. दुसऱ्या महायुद्धात लोखंडावर नियंत्रण बसलं आणि स्वातंत्र्यानंतरही ते उठलं नाही; वेगवेगळ्या रूपांत थेट १९९२ पर्यंत पोलादाच्या किमती आणि वाटप सरकारच्या हातात राहिलं. सिमेंटचंही तेच. या काळात हार्डवेअरच्या दुकानदाराला मालाइतकंच कचेरीचं ज्ञान लागे. कोटा किती, परवाना कुणाकडून, वॅगन कधी लागणार, बिल्टी कधी सुटणार. मुलीच्या लग्नाआधी घराला गिलावा करायचा तर दहा पोती सिमेंटसाठी अर्ज करावा लागे, हे आज विशीतल्या मुलाला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. सिमेंटच्या टंचाईत कुणाचे हात काळे झाले आणि कुणाचे पांढरे राहिले, हे प्रत्येक पेठेला ठाऊक असतं; मी त्यात पडत नाही. राज्याच्या पातळीवर मात्र ते नोंदलेलंच आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, आणि पुढच्याच महिन्यात केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं. पूर्ण उठायला १९८९ उजाडलं.

याच पिढीनं मुंबईची वाट पक्की केली. पॅसेंजरनं जायचं, नागदेवी, लोहार चाळ, काळबादेवी पालथी घालायची, नमुने पिशवीत, ऑर्डर वहीत. कुलूप अलीगढचं, पितळी तोट्या जामनगरच्या, हत्यारं जालंधर-लुधियान्याची, ऑइल इंजिन राजकोटचं किंवा किर्लोस्करचं, फावडी-टिकास टाटा अ‍ॅग्रिकोची. देशाचा नकाशा दुकानदाराच्या पोरांना शाळेआधी पेट्यांवरच्या छापातून पाठ होई. सरकारनं १९५०च्या दशकात पोलादाच्या वाहतुकीचा खर्च देशभर सारखा केला, तेव्हा भिलाईच्या लोखंडाला बुलढाणा आणि मुंबई सारखंच दूर झालं. ही सवलत १९९० नंतर गेली, आणि जवळच्या कारखान्याला पुन्हा अर्थ आला. त्याचा परिणाम पुढे दिसतोच.

मोजमापाचीही एक गंमत सांगून ठेवतो. १९५८ पासून देशात मेट्रिक मापं येऊ लागली आणि शेर-मण गेले. हार्डवेअरच्या दुकानात मात्र आजही पाइप पाऊण इंची असतो, पत्रा फुटांत कापला जातो आणि सळई सुतात सांगितली जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिलावर १० एमएम छापलेलं असतं, गवंडी 'तीन सूत' म्हणतो, १२ एमएमला 'चार सूत'. दुकानातल्या पोऱ्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. लोखंडालाही एक नाव पुरत नाही: इंजिनिअर स्टील म्हणतो, बिलात टीएमटी बार लिहितात आणि बाहेर ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस 'आसारी' मागतो.

१९७२चा दुष्काळ या दुकानांनी वेगळ्या बाजूनं पाहिला. शेती बसली, वखर-तिफण कुणी विचारीना, उधारी बुडाल्यात जमा. पण रस्ते, पाझर तलाव, खडी फोडण्याची कामं निघाली आणि टिकास, फावडं, घमेलं, सब्बल, हातोडा यांना मागणी आली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, ती कामं दर उन्हाळ्याची झाली. दुष्काळात ज्याचा माल खपतो, त्याच्याकडे गाव जरा तिरक्या नजरेनं पाहतं. ते स्वाभाविक आहे. पण त्याच दुकानांनी त्या वर्षीची शेतीची उधारी वसूल करायचा नाद सोडून दिला नसता, तर पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक दारात आलं नसतं, हेही तितकंच खरं.

उधारी हा या धंद्याचा कणा, आणि तीच त्याची दुखरी जागा. खतावणी गाववार असते. आडनावं तीच ती, म्हणून बापाचं नाव, नाहीतर शेताच्या खुणेचं नाव जोडलेलं. माल जूनमध्ये जातो आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि दुकानदाराच्या तोंडी 'चुकारा', म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हा शब्द बसला. कापूस फेडरेशनला गेला तरी पैसे हप्त्याहप्त्यानं येत. चुकारा लांबला की हार्डवेअरची वसुली लांबे, मग मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याची हुंडी लांबे. म्हणजे सरकारच्या उशिराचं ओझं शेवटी लोहार चाळीपर्यंत पोचे. बोहरी दुकानदार यावर व्याज लावू शकत नसे. तो रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा ठेवी, असं म्हणतात. बाकीचे सरळ व्याज लावत. कोण स्वस्त पडे, याचं उत्तर गिऱ्हाईकागणिक निराळं मिळतं.

याच काळात विहिरीवरची मोट गेली. मोटेबरोबर नाडा, चाक, कणा, लोखंडी मोटेचा पत्रा हा सगळा माल दुकानाच्या मागल्या खोलीत गेला आणि तिथेच गंजला. आधी ऑइल इंजिन आलं, मग १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या तारा शिवारात पोचल्या आणि मोटरपंप आला. तिसरी पिढी पंपावर वाढली असं म्हटलं तरी चालेल. फूट व्हॉल्व्ह, ग्लँडची दोरी, वायसर, एल्बो, टी, सॉकेट, स्टार्टरचे फ्यूज... शेतात पाणी अडलं की माणूस रात्री नऊलाही शटर वाजवतो. पिकाला पाण्याची पाळी चुकली तर नुकसान हजारांत, आणि अडलेली वस्तू पाच रुपयांची. या पाच रुपयांच्या वस्तूसाठी दुकानदार उठून खाली येतो की नाही, यावर त्याची पुढच्या वीस वर्षांची गिऱ्हाइकी ठरते.

पाइपांचा किस्सा घाटाखालीच नीट कळतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा पूर्णेकाठचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या खाऱ्या पाण्यात लोखंडी पाइप टिकत नाही; आतून पापुद्रे सुटतात, आटे खाल्ले जातात. १९८०च्या दशकात पीव्हीसी पाइप आला तेव्हा घाटावरच्या शेतकऱ्याला तो स्वस्त वाटला, घाटाखालच्याला तो सुटका वाटला. शेजारच्या जळगावात भवरलाल जैन यांनी पीव्हीसी पाइप आणि मग ठिबक सिंचन उभं केलं, त्यामुळे माल मुंबईऐवजी खानदेशातून येऊ लागला. (जिल्ह्यातलं जळगाव ते जामोदचं, हे खानदेशातलं. बिल्टीवर जामोद लिहायचं राहिलं की माल भलत्याच गावी उतरणार.) काउंटरवर हेक्सॉ ब्लेडच्या शेजारी सोल्युशनचा डबा आला. पाइपाला आटे पाडायची जुनी डाय कोपऱ्यात गेली, आणि ती चालवणारा पाच माणसांचा जोर असलेला कारागीरही.

घाटावर १९९०च्या दशकात सोयाबीन पसरलं. चिखली-मेहकरच्या दुकानांत तुषार संचाचे पाइप रस्त्यापर्यंत आले. सोयाबीनचे पैसे दिवाळीपर्यंत हातात येतात, कापसासारखे वेचणी-वेचणीनं रेंगाळत नाहीत. उधारीचं चक्र त्यामुळे आखूड झालं. हा बदल कुठल्या अहवालात सहसा येत नाही, दुकानाच्या वहीत मात्र लख्ख दिसतो.

पोलाद मोकळं झालं, वाहतुकीची सरसकट सवलत गेली आणि देऊळगाव राजाच्या पलीकडे, जालन्यात सळईचे कारखाने भराभर वाढले. आज जिल्ह्यातल्या स्लॅबमधली बरीचशी आसारी जालन्याची. भट्टीतून निघालेला माल दुपारी चिखलीत उतरतो, साठा करायची गरज उरली नाही. मातीच्या भिंती, धाब्याची घरं मागे पडली. टिनपत्रे आले, मग स्लॅब. इंदिरा आवास आणि २०१६ नंतरची पंतप्रधान आवास योजना यांनी घरकुलांची रीघ लावली. घरकुलाचा हप्ता बँकेत पडला की दुसऱ्या दिवशी दुकानात सिमेंट मोजलं जातं. हार्डवेअरवाल्याला गावातल्या घरकुलांची यादी ग्रामसेवकाइतकीच पाठ असते.

मग पंचाईत झाली ती घरातच. धंदा वाढला तेव्हा भाऊही वाढले होते. लोखंड एकाकडे, रंग दुसऱ्याकडे, इलेक्ट्रिक-मोटर तिसऱ्याकडे अशी शहाणी वाटणी काहींनी केली आणि ती दुकानं अजून एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतात. काहींनी मात्र सगळ्यांनी सगळं ठेवलं. मग 'न्यू' आलं, भाव पाडणं आलं, आणि एका पिढीत दोन्ही गल्ले बारीक झाले. मोठ्या कंपन्यांची शोरूम, ऑनलाइन विक्री यांच्या नावानं बोटं मोडली जातात. पण या जिल्ह्यातली जी दुकानं बसली, त्यांतली बरीच भावकीनं बसवली असं माझं मत आहे. ऑनलाइन मागवलेला नळ येतो खरा. तो जुन्या पाइपाच्या झिजलेल्या आट्यांवर बसत नाही म्हटल्यावर माणूस दोन्ही तुकडे कागदात बांधून पेठेतच येतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "शेठ, हे असंच पायजे." शेठ तुकडा बोटांत फिरवतो. कॅटलॉग लागत नाही. मागच्या भिंतीवरच्या शंभर खणांपैकी एकात हात जातो आणि एक नट, एक वायसर निघतो. पाकीट घ्यायची सक्ती नाही, एकच मिळतो.

चौथी पिढी शिकून आली आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हा खरी कसोटी तिचीच झाली, कारण या एका दुकानात कराचे जेवढे दर नांदतात तेवढे किराण्यातही नसतील. फावडं, टिकास, कुऱ्हाड, विळा या हातानं चालवायच्या शेतीच्या अवजारांवर कर शून्य. त्याच फळीवरच्या खिळ्यांवर आणि कुलपांवर १८ टक्के. सिमेंटवर २८ होते, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाले. आजोबा तोंडानं बेरीज करत. नातू प्रत्येक मालाचा एचएसएन क्रमांक संगणकात भरतो, आणि सुट्या एका नटाचं बिल कसं करायचं यावर बापाशी वाद घालतो. बाप म्हणतो, करूच नको. रंगाच्या कंपनीनं दिलेलं यंत्र हजार छटा मिसळून देतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्याला कुणी विचारत नाही, बैलांच्या शिंगांना लागणारा लाल आणि निळा ऑइल पेंट छोट्या डबीत तयारच हवा असतो. ट्रॅक्टर वाढले तशा या डब्या कमी मागवाव्या लागतात.

सध्या काउंटरवर बोलणं आहे ते सौर पंपाचं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. पॅनल, पंप, बसवणी सगळं कंपनीकडून थेट शेतात येतं. दुकान मधून गेलं. मोटर गेली, स्टार्टर गेला, फ्यूजची तारही गेली. राहिला विहिरीपासून पुढचा पाइप. यावर जुने शेठ हळहळतात. नातू हिशेब वेगळा करतो: कंपनीची दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे, पहिले पंप बसून काही काळ झालाच, आणि कंपनीचा माणूस तालुक्याला एखादाच. त्यानं सौर पंपांच्या जोडण्या, क्लॅम्प आणि केबलचे नमुने गोळा करून एक नवा खण आताच मोकळा केला आहे. खण जुन्या कंदिलांच्या काचांचा होता.